काका, काहीच करू नका

पुण्यात निवृत्त माणसाकडे पांढरे केस, मोकळी दुपार आणि उत्तरेकडे उघडणारी खिडकी एवढं भांडवल असलं, की तो आज ना उद्या शॉर्टफिल्ममध्ये आजोबा होतो. अभिनय येण्याची अट नसते. येत असेल तर उलट अडचणच होते. मी बँकेत हयात घालवली. समोरचा माणूस कर्जासाठी कितीही कळवळला तरी चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही, एवढीच माझी नाट्यसाधना. आमच्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर एक कॉलेज आहे आणि तिथे मास कम्युनिकेशनचा विभाग आहे. परीक्षेआधी तिथल्या प्रत्येक गटाला एक लघुपट करून द्यावा लागतो. मग पोरं येतात आणि अदबीने विचारतात, "काका, तुमची खिडकी मिळेल का?" खिडकीवर काका फ्री.

ही पोरं वीस-एकवीस वर्षांची. या वयात माणसाला प्रेम, परीक्षा आणि पार्किंग यांची चिंता असावी. पण हातात कॅमेरा आला की त्यांना थेट मरण सुचतं. आजोबा एकटे असतात. आजोबा पत्राची वाट बघतात. पत्र कोणी पाठवत नाही म्हणून शेवटी स्वतःच स्वतःला पाठवतात. जुना रेडिओ लागतो, खरखरतो, बंद पडतो, पाठोपाठ आजोबाही. ज्या गटाला आजोबा मिळत नाहीत, त्यांची फिल्म गजराच्या घड्याळाने सुरू होते. पांघरुणातून हात बाहेर येतो, गजर बंद होतो, नायक दात घासतो, आरशात स्वतःकडे रोखून बघतो, टपरीवर कटिंग पितो आणि आपण कालच वारलो आहोत हे त्याला शेवटच्या शॉटमध्ये कळतं. प्रेक्षकाला ते दात घासतानाच कळलेलं असतं.

विषयाला हसून उपयोग नाही, विषय हे निमित्त. प्रकाश, लेन्स, ध्वनी, संकलन हे सगळं त्यांना वर्गात फळ्यावर शिकवून झालेलं असतं. ते आमच्या हॉलमध्ये येऊन अडतं, आणि अडल्यावर डोक्यात शिरतं. मी ते शेजारी बसून शिकलो. काही वेळा आडवं पडून, डोळे मिटून आणि नाकात कापूस घालून.

यंदाच्या गटात दिग्दर्शिका लातूरची, कॅमेरावाला सांगलीचा आणि साउंडवाला नांदेडचा. एडिटर मात्र अस्सल पुण्याचा. त्यामुळे शूटिंगला यायची त्याला गरज वाटली नाही. 'तुम्ही आणाल त्यात चुका काढून देईन' एवढं आश्वासन त्याने दिलं होतं. कॅमेरा भाड्याचा. त्याचं भाडं दिवसावर असल्यामुळे कलेच्या गप्पा कॅमेरा यायच्या आधी आणि परत गेल्यावर, मध्ये फक्त धावपळ.

पहिला खोळंबा पांढऱ्या रंगाने केला. आमच्या हॉलमध्ये देवापाशी पिवळा बल्ब आहे, भिंतीवर ट्यूब आहे आणि खिडकीतून दिवसाचा उजेड येतो. आपल्या डोळ्यांना यात काही वावगं वाटत नाही, कारण मेंदू आपल्याला न विचारता रंगांची दुरुस्ती करत असतो. कॅमेऱ्याला ही समज नाही. पांढरं म्हणजे काय हे त्याला आधी सांगावं लागतं. पिवळ्या बल्बच्या उजेडाचं रंग-तापमान साधारण 2700 केल्विन, दुपारच्या उजेडाचं 5500 च्या आसपास. सांगलीकराने कॅमेरा बल्बच्या हिशेबाने लावला तेव्हा खिडकीकडचा माझा अर्धा चेहरा निळा पडला. खिडकीच्या हिशेबाने लावला तेव्हा देवाकडचा अर्धा पिवळाधमक. "काकांना कावीळ झालीये असं दाखवूया का?" असं त्याने विचारून पाहिलं. शेवटी देवाचा बल्ब बंद करायचं ठरलं. त्यासाठी हिची परवानगी काढण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात चांगले चार शॉट झाले असते. मग विजेच्या बिलाची पांढरी मागची बाजू माझ्या नाकासमोर धरून व्हाइट बॅलन्स करण्यात आला. बँकेतला बॅलन्स आणि हा बॅलन्स यात एवढंच साम्य, की जुळेपर्यंत घरी जाता येत नाही.

मग संध्याकाळ झाली आणि ट्यूबने आपले गुण दाखवले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझ्या अंगावरून काळे पट्टे सरकू लागले. भूतपट करायचा असता तर काम फत्ते होतं. कारण असं, की आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. जुन्या चोकच्या ट्यूबचा उजेड त्यामुळे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही. कॅमेऱ्याचं शटर एकसाठांश सेकंदावर असेल तर दोघांचा ताल जुळत नाही आणि पट्टे उमटतात. तेच शटर एकपन्नासांश केलं की पट्टे गायब. हे पोरांना वर्गात सांगितलेलं होतं, वहीतही होतं. पण वही हॉस्टेलवर होती आणि पट्टे माझ्या अंगावर. कुणीतरी मोबाइलवर शोधलं, शटर बदललं आणि मी पुन्हा सलग दिसू लागलो. "मी वर्षभर सांगतेय, ती ट्यूब बदला," ही आतून म्हणाली. तंत्रज्ञानाच्या चर्चेत घरच्या माणसांनी असा शिरकाव केला की विषय संपतो.

खिडकीचा उजेड चेहऱ्याच्या एकाच बाजूला येतो, दुसरी बाजू अंधारात राहते. व्यावसायिक सेटवर लाइटदादा असतात. ते दुसऱ्या बाजूने दिवा लावतात किंवा थर्माकोल धरतात. आमच्याकडे थर्माकोल गणपतीच्या मखराचा निघाला. त्याला सोनेरी टिकल्या होत्या, आणि त्या टिकल्यांची नक्षी माझ्या गालावर नाचू लागली. मग कपाटातल्या नव्या पांढऱ्या चादरीवर डोळा गेला. ती मागण्याआधी दिग्दर्शिकेने हिला सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'ची गोष्ट सांगितली. 1956 चा चित्रपट. बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलेलं. खऱ्या अंगणात आभाळातून झिरपतो तसा मऊ उजेड आणायचा कसा? छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे नटांवर न सोडता त्या कापडावर सोडले. परतून आलेला उजेड थेट अंगणातला वाटला. 'बाउन्स लायटिंग' म्हणून पुढे ही युक्ती जगभर रूढ झाली. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कापड धुऊन परत दिलं होतं का त्यांनी?" चादर मिळाली. तिच्यामुळे माझ्या डोळ्यांखालचे खड्डे गेले आणि मी एकदम असा टवटवीत दिसू लागलो की आता मरणार कसा, हा नवा प्रश्न पटकथेपुढे उभा राहिला.

दुसऱ्या प्रसंगात माझा मित्र मला भेटायला येतो. मित्राच्या भूमिकेत वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक होते. दोघं समोरासमोर बसलो. आधी माझ्यावर कॅमेरा लावून माझे सगळे संवाद उरकले, मग जागा अडचणीची म्हणून कॅमेरा सोफ्याच्या पलीकडून नेऊन त्यांचे. रात्री दोन्ही शॉट एकापुढे एक लावून बघितले तर आम्ही दोघंही उजवीकडे बघत होतो. दोन म्हातारे गप्पा मारताहेत की मिळून एस.टी.ची वाट बघताहेत, हे प्रेक्षकाने ठरवायचं. यालाच 180 अंशांचा नियम मोडणं म्हणतात. दोन माणसांच्या मधून एक रेघ आहे असं धरायचं आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच अंगाला ठेवायचा. मग एक जण डावीकडे बघतो, दुसरा उजवीकडे, आणि नजरा भिडतात. दुसऱ्या दिवशी हिने दोन खुर्च्यांच्या मधोमध रांगोळीने खरोखरच रेघ मारून दिली. मुख्याध्यापकांनी ती ओलांडणाऱ्यास अंगठे धरायला लावण्याची तयारी दाखवली. नियम पाठ करून घेण्याची ही पद्धत आता शिक्षणशास्त्रात बसत नाही, पण सांगलीकर त्यानंतर एकदाही पलीकडे गेला नाही.

कंटिन्युइटी हा मात्र माझा प्रांत निघाला. सिनेमा ज्या क्रमाने दिसतो त्या क्रमाने सहसा चित्रित होत नाही. आधी लांबचे सगळे शॉट, मग जवळचे. कारण दर वेळी कॅमेरा आणि उजेड हलवायला वेळ लागतो. त्यामुळे होतं असं, की लांबच्या शॉटमध्ये माझा कप अर्धा रिकामा असतो, जवळच्यात काठोकाठ, आणि पुन्हा लांबच्यात तळाला गेलेला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजतात आणि पुढच्या वाक्याला दीड. पोरांना हे दिसत नव्हतं, कारण पोरं चेहरा बघत होती. मला चेहरा बघायची सवयच नाही. मी आयुष्यभर सही आणि शिल्लक बघितली. "मघाशी चष्मा वर्तमानपत्राच्या डावीकडे होता, आणि वर्तमानपत्र कालचं होतं," असं मी म्हणालो आणि सेटवर शांतता पसरली. तेव्हापासून मयत आजोबांकडे कंटिन्युइटीचाही अधिभार आला. घड्याळातला सेल काढून ठेवला. प्रत्येक शॉटनंतर टेबलाचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि पुढच्या शॉटआधी ताळा करायचा. पोह्यांच्या प्रसंगात दर टेकला बशी नव्याने भरावी लागे. कसलेले नट अशा वेळी चमच्याच्या टोकाएवढाच घास घेतात म्हणे. मुख्याध्यापकांना ही गोष्ट उशिरा कळली. ते मनापासून जेवले.

ही भानगड थोरामोठ्यांनाही चुकलेली नाही. 'पथेर पांचाली'तल्या काशफुलांच्या माळरानाचं चित्रण राय यांनी 1952 च्या ऑक्टोबरात सुरू केलं. पहिल्या दिवशी निम्मा प्रसंग झाला. आठवड्याने मंडळी परतली तर माळ बोडका. मधल्या दिवसांत गुरांनी सगळी फुलं फस्त केली होती. उरलेल्या शॉटसाठी पुढच्या वर्षीच्या बहराची वाट बघावी लागली. सुब्रत मित्र तेव्हा जेमतेम विशीतले, सिनेमाचा कॅमेरा त्यांनी त्याआधी चालवलेला नव्हता. पैसे संपून काम पुनःपुन्हा थांबायचं. चित्रपट पुरा व्हायला 1955 उजाडलं. राय पुढे म्हणत, की तीन चमत्कारांनी चित्रपट वाचवला: त्यातल्या लहानग्या अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी दिसू लागली नाही, आणि म्हाताऱ्या आत्याचं काम करणाऱ्या ऐंशी ओलांडलेल्या चुनीबाला देवी हयात राहिल्या. ही गोष्ट सांगताना दिग्दर्शिका माझ्याकडे फार मायेने बघत होती. मला आधी बरं वाटलं. मग ध्यानात आलं, की तिच्या हिशेबात मी तिसरा चमत्कार होतो.

आवाजाकडे वळू. चित्र बिघडलं तर प्रेक्षक 'काहीतरी प्रायोगिक असेल' म्हणून सोडून देतो. आवाज बिघडला तर उठून जातो. नांदेडच्या पोराला हे पक्कं माहीत होतं, म्हणून घरातल्या यच्चयावत वस्तूंशी त्याचं वैर होतं. पंखा बंद. एक्झॉस्ट बंद. मांजर बाहेर. रंगाऱ्याच्या बांबूला माइक बांधून तो माझ्या डोक्यावर धरून उभा राहायचा आणि दर थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणायचा, "काहीतरी गुणगुणतंय." ते फ्रीज असायचं. फ्रीज बंद केलं तर नंतर चालू करायचं विसरतं आणि दूध नासतं. त्यावर साउंडवाल्यांच्या जमातीत एक जुना तोडगा आहे: फ्रीज बंद करताना आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. घरी जायची वेळ आली की किल्ली शोधत माणूस फ्रीजपाशी जातोच. नांदेडकराने किल्ली कोथिंबिरीच्या डब्यावर ठेवली आणि हिचा सिनेमा या कलेवरचा विश्वास त्या क्षणी बसला.

घर गप्प झालं, पण पुणे कुठलं गप्प बसतंय? "सायलेन्स" म्हटलं की भंगारवाला आलाच. तो गेला की खालच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, तिच्यानंतर कोकीळ. त्या कोकिळेला शॉट कधी सुरू होतो हे दिग्दर्शिकेच्या आधी कळायचं. सगळं आटोपल्यावर साउंडवाला म्हणाला, "आता सगळ्यांनी अर्धं मिनिट काहीच बोलू नका, मला खोलीची शांतता रेकॉर्ड करायचीये." प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि ती वेगळी नोंदवून ठेवली तरच पुढे संवादांमधल्या फटी बुजवता येतात. नुसतंच मुकं ठेवलं तर प्रेक्षकाला कानात दडे बसल्यासारखं होतं. आम्ही सगळे स्तब्ध उभे राहिलो. सोळाव्या की सतराव्या सेकंदाला ही हळूच म्हणाली, "चहा टाकू का?" त्यामुळे फिल्ममधली आमच्या खोलीची शांतता चौदा सेकंदांची आहे आणि एडिटरने ती जोडून जोडून वापरली आहे.

आता अभिनय. माझा सगळ्यात महत्त्वाचा शॉट म्हणजे खिडकीतून बाहेर बघणं. मी आदल्या रात्री तयारी केली होती. डोळ्यांत पाणी, ओठांचा कंप, एक खोल उसासा. टेक झाला. दिग्दर्शिका जवळ आली आणि म्हणाली, "काका, खूप छान. आता काहीच करू नका." मी कंप काढून टाकला. "अजून थोडं कमी." उसासा काढला. "काका, तुम्ही बँकेत बसायचात ना, तसं बघा." मग मी खिडकीबाहेर बघत सोसायटीच्या मेंटेनन्सची थकबाकी मनात मोजत बसलो. "कट! वा, काका!"

हा माझा अपमान नव्हता, शास्त्र होतं. रशियात क्रांतीनंतरच्या वर्षांत लेव्ह कुलेशोव्ह नावाचा तरुण दिग्दर्शक शिकवत होता. कच्च्या फिल्मचा एवढा दुष्काळ, की त्याचे विद्यार्थी फिल्मशिवायच फिल्मचा सराव करत, आणि जुन्या फिती कापून-जोडून बघत. कुलेशोव्हने मोझुखिन या नामवंत नटाचा कोराच चेहरा घेतला. तो एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. चेहरा तोच, तुकडा तोच. बघणाऱ्यांनी मात्र काय ती भूक, काय ते दुःख म्हणून नटाची वाहवा केली. भाव नटाच्या चेहऱ्यावर नव्हता, दोन तुकड्यांच्या मधल्या सांध्यात होता.

याचा पडताळा मला एडिटिंगच्या वेळी आला. एडिटरची खोली म्हणजे हॉस्टेलपलीकडच्या गल्लीतला पहिला मजला. गरम होऊन भणभणणारा लॅपटॉप, त्याखाली हवेसाठी ठेवलेली दोन जाड पुस्तकं. 'पुस्तकांचा उपयोग होतो,' तो म्हणाला. माझ्या चेहऱ्यापुढे त्याने रिकाम्या पाळण्याचा शॉट लावला आणि मी हळहळलो. पाळणा काढून पाणीपुरीची गाडी लावली, मी आसुसलो. पोस्टमन पुढच्या घरी जाताना लावला, आणि मागे बसलेल्या दिग्दर्शिकेने डोळे टिपले. मुळात मी थकबाकी मोजत होतो. बँकेत असताना माझ्या याच चेहऱ्याकडे बघून कुणाला 'साहेब दयाळू आहेत' वाटायचं आणि कुणाला 'साहेब दगड आहेत', त्याचा उलगडा मला निवृत्तीनंतर झाला. त्यांच्या पुढचा शॉट वेगळा होता, दुसरं काही नाही.

एडिटर शूटिंगला न येण्याचं मर्मही तिथे कळलं. दिग्दर्शिकेने पहाटे उठून वेताळ टेकडीवर सूर्योदय टिपला होता. ट्रायपॉड डोक्यावर घेऊन चढलेली मंडळी, थंडी, भुंकणारी कुत्री, असं सगळं त्या शॉटमागे होतं. एडिटरने तो उडवला. "याच्यात गोष्ट पुढे जात नाही."

"अरे पण आम्ही साडेचारला उठलो होतो!"

"ते शॉटमध्ये दिसत नाही."

खडाजंगी झाली. जो चढला तो शॉट विसरू शकत नाही. जो चढला नाही त्याला फक्त चित्र दिसतं. म्हणून संकलक वेगळा लागतो. 'अपोकॅलिप्स नाउ'चा संकलक वॉल्टर मर्च याने तर कट कुठे करावा याचे सहा निकष मांडून त्यांना गुण वाटून दिलेत: भावनेला 51 टक्के, कथेला 23, लयीला 10, आणि उरलेले तीन निकष नजरेचा रोख आणि जागेचं भान यांच्या हिशेबात, तिघांत मिळून 16. बेरीज बरोबर शंभर येते, मी तपासली. चष्मा डावीकडे की उजवीकडे हा माझा जिव्हाळ्याचा विषय त्यात पार तळाला आहे. भाव साधला तर बाकीचं चुकलं तरी चालतं, असं मर्च म्हणतो. ऑडिटमध्ये हे चाललं नसतं. याच मर्चला असंही आढळलं होतं, की कट करायची आपल्याला वाटणारी जागा आणि पडद्यावरच्या नटाची पापणी मिटण्याची जागा बहुधा जवळजवळ येते. विचार संपला की माणूस पापणी मिटतो. आमच्या एडिटरची यावर तक्रार एवढीच, की काका पापणीच मिटत नाहीत. थकबाकी मोठी होती.

मग बारीक कलाकुसर. मी कप उचलतो तो लांबच्या शॉटमध्ये, ओठाला लावतो तो जवळच्या. हालचालीच्या मध्यावर कट केला की सांधा दिसत नाही; हालचाल संपल्यावर केला की ठेच लागते. नातवाचा 'आजोबा' असा आवाज आधी ऐकू येतो, चेहरा मागाहून दिसतो. आवाज असा पुढे सरकवला तर त्याला जे-कट म्हणतात, चित्र बदलल्यावरही मागचा रेंगाळत ठेवला तर एल-कट. टाइमलाइनवर चित्राच्या आणि आवाजाच्या पट्ट्या त्या अक्षरांच्या आकारात दिसतात म्हणून ही नावं. एवढ्याशा सरकवासरकवीने आमचा लाकडी संवाद जिवंत झाला. पार्श्वसंगीताला पैसे नव्हते, म्हणून फुकटातली बासरी घेतली. तिच्यात दर दहा सेकंदांनी एक इंग्रज बाई कंपनीचं नाव घेत होती. माझ्या अंत्यसमयी तिने तीनदा नाव घेतलं तेव्हा बासरी काढली आणि मागे नुसती चौदा सेकंदांची शांतता ठेवली. ती जास्त चांगली वाटली. पैसे नसल्याचा सिनेमाला झालेला फायदा कुणीतरी मोजायला हवा.

फाइलला नाव देण्याचा सोहळा राहिलाच. पहिली फाइल 'फायनल'. मग 'फायनल नवीन', 'फायनल खरंच', 'फायनल सरांनी सांगितलेलं', आणि सबमिशनच्या पहाटे 'फायनल कोणी हात लावू नये'. विभागात गेली ती 'फायनल नवीन'.

दादासाहेब फाळक्यांच्या नशिबी असली फाइल नव्हती, पण घोळ तेच होते. 1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी एकदम 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप दिवसेंदिवस थोडं थोडं चित्रित करून उगवताना दाखवणारी एक छोटी फिल्म केली, आणि ती दाखवून भांडवल मिळवलं. आपल्या सिनेमाच्या जनकाने आधी शॉर्टफिल्मच केली म्हणायची. फरक इतकाच, की त्यातलं पात्र शेवटी मरत नाही, उगवतं. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं केली आणि सगळ्या मंडळींचं जेवणही सांभाळलं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवलं. 3 मे 1913 ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. हे मी हिला उत्साहाने वाचून दाखवलं. "म्हणजे पहिल्या दिवसापासून पोह्यांचं खातं बायकोकडेच," ती म्हणाली. चित्रपटाच्या इतिहासावर एवढं नेमकं भाष्य मी अजून वाचलेलं नाही.

विभागाच्या सभागृहात सगळ्या गटांच्या फिल्म एका संध्याकाळी दाखवल्या. प्रोजेक्टरमुळे सगळे रंग धुतलेले, डावा स्पीकर बंद. ज्या पांढऱ्या रंगासाठी देव अंधारात ठेवले तो गुलाबी दिसत होता. लागोपाठ आजोबा वारत होते. त्यातल्या दोघांत मीच होतो. तरीही एक गोष्ट सभागृहात स्पष्ट दिसली. पोरं दुसऱ्यांच्या फिल्मला हसत नव्हती. एखादा लांबलेला शॉट आला की वर्षभरापूर्वी ती 'बोअर' म्हणून मोबाइल काढायची, आता कुजबुजत होती, "एडिटरला कापू दिलं नसणार." उजेड अचानक बदलला की "ढग आला असेल." वर्षाची फी याच्यासाठी असेल तर ती फार नाही, असं माझं माजी बँक अधिकारी म्हणून मत आहे.

तुमच्याही खिशात कॅमेरा आहेच. एक खोली, एक माणूस आणि तीन मिनिटं घ्या. ट्यूबखाली शटर एकपन्नासांशवर ठेवा, खोलीची अर्धं मिनिट शांतता आठवणीने नोंदवा, चहा नंतर टाका. माणसाला काहीच करू नका म्हणून सांगा. जमलेली फिल्म अशा कुणाच्या हाती द्या, जो शूटिंगला नव्हता, आणि तुमचा सगळ्यात लाडका शॉट त्याने उडवला तर तोंडातून ब्र काढू नका. फक्त आजोबा आपापल्या घरातले वापरा; मी मार्चअखेरपर्यंत बुक आहे.